कोर्टातलं अपील: बाजू खरी असूनही केस कुठे हातची जाते?

"सर, खालच्या कोर्टात हरलो तर वर अपील आहेच ना?" हा प्रश्न मला नेहमी येतो. अपील आहे, पण त्याचे नियम पाळले तरच.

समजा, तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे. होलसेलरने 2 लाख 40 हजारांच्या उधारीसाठी दावा लावला. त्यातला खराब माल तुम्ही परत पाठवला होता, तरी कोर्टाने पूर्ण रकमेचा हुकूमनामा केला. सीझन चालू होता, म्हणून तुम्ही म्हणालात, "दिवाळी झाली की बघू." गडबड इथेच सुरू होते.

1. मुदत गेली
मुदत कायदा 1963 प्रमाणे जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात, पण नक्कल अर्ज तुम्ही केला असेल तरच! उशीर झाला तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. "धंद्यात बिझी होतो" हे कारण सहसा चालत नाही. आजारपण असेल तर कागद दाखवा. माफी मिळाली नाही, तर माल खराब होता का, हे कोर्ट बघतच नाही.

2. अपील केलं, स्थगिती घेतली नाही
सगळ्यात महाग चूक ही. नुसतं अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. समोरचा दरखास्त लावून बँक खातं किंवा माल जप्त करून घेऊ शकतो. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. पैशांच्या हुकूमनाम्यात कोर्ट रक्कम भरायला किंवा तारण द्यायला सांगतं. ते केलं नाही तर स्थगिती मिळत नाही. म्हणजे अपील करायचं ठरवलं की या पैशांची सोय आधी बघा.

3. तारखेला कोणीच हजर नाही
तुम्ही नाही, वकीलही नाही, तर अपील गैरहजेरीत फेटाळलं जाऊ शकतं. ते पुन्हा दाखल करून घ्यायला 30 दिवसांत अर्ज आणि सबळ कारण लागतं.

4. कोर्ट फी कमी भरली
कोर्ट सहसा भरायला वेळ देतं. तो वेळही घालवला, तर अपील नाकारलं जाऊ शकतं.

निकाल लागला की काय करायचं?
- त्याच दिवशी नक्कल अर्ज करा.
- शेवटची तारीख वकिलांकडून लिहून घ्या आणि दुकानातल्या कॅलेंडरवर टाका.
- अपील आणि स्थगिती अर्ज सोबतच द्या.
- प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी वकिलांना फोन करा.

एक लक्षात ठेवा: 3 लाख किंवा त्याहून मोठा व्यापारी वाद व्यापारी न्यायालयात चालला असेल, तर अपिलाची मुदत 60 दिवस असते. तुमची केस कुठल्या नियमात बसते, ते वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा.

जीएसटी रिटर्नची तारीख आपण चुकवत नाही, कारण लेट फी लागते. इथे तारीख चुकली तर अख्खी केस जाते. चला, भेटू पुढच्या भागात!