ब्राइटनेस उतरवला तरी डोकं का दुखतं

आर्णीला माझं सेवा केंद्र आहे. जुलैत पीकविम्याची गर्दी सुरू झाली की सकाळी उघडलेलं शटर रात्री उशिराच खाली येतं. सातबारा, गट नंबर, आधार, पासबुक, डोळ्यांना उसंत म्हणून नसते. दुपारनंतर भुवयांच्या मध्ये ठणका लागायचा. संध्याकाळी लांबलचक याद्या वर-खाली सरकवताना अक्षरं दुहेरी दिसायची. यवतमाळला जाऊन डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर होता तोच. मग दोष शोधत मी पडद्यापर्यंत आलो.

जुन्या डबा मॉनिटरचं लुकलुकणं उघड दिसायचं. 60 हर्ट्झवर पडदा थरथरायचा, 85 वर नेला की शांत व्हायचा. चपट्या एलसीडीत चित्र तसं विझत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण चित्रामागे एलईडीचा दिवा असतो आणि खोट तिथे असू शकते. अनेक मॉनिटरांत ब्राइटनेस कमी केला तरी हा दिवा खरोखर मंद होत नाही. तो सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा चालू-बंद होत राहतो आणि दर वेळी बंद राहण्याचा काळ तेवढा वाढतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. नजरेला हे कळत नाही, पण काही जणांना त्याने डोकेदुखी होते. म्हणजे डोळ्यांना आराम मिळावा म्हणून आपण ब्राइटनेस वीसवर आणतो आणि नेमका तिथेच लुकलुकाट वाढतो. सरकत्या अक्षरांच्या दोन-दोन प्रती दिसतात, त्याही यामुळेच.

तपासायला यंत्र लागत नाही. खोलीतले दिवे बंद करा, पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस खाली आणा आणि पडद्यासमोर पेन्सिल जोरात इकडून तिकडे हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर दिवा स्थिर आहे. सुट्या-सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो लुकलुकतोय. माझ्या पडद्यावर पेन्सिली चक्क मोजता येत होत्या. ब्राइटनेस शंभरवर नेला आणि पट्टा सलग झाला. तेव्हापासून ब्राइटनेस वरच ठेवतो. फार प्रखर वाटलं तर कॉन्ट्रास्ट उतरवतो. दुपारचा ठणका बराच ओसरला.

छताकडेही बघा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. स्वस्तातले काही एलईडी बल्बही तेच करतात. ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये एका कार्यालयातला अभ्यास प्रसिद्ध केला. उच्च वारंवारतेच्या म्हणजे इलेक्ट्रॉनिक चोकवर ट्यूब लावल्यावर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला होता. इलेक्ट्रॉनिक चोक हा साधा खर्च आहे, तो टाळू नका.

माउसचा बाण अडखळत सरकत असेल तर गोष्ट वेगळी. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट पाहा. कुणी मोठा 4के टीव्ही मॉनिटर म्हणून लावतात; जुन्या एचडीएमआयवर तो 30 हर्ट्झलाच चालतो आणि काम करणारा वैतागतो. रिझोल्यूशन उतरवून 60 हर्ट्झ निवडा. मॉनिटर 75 देत असेल तर 75 करा, याद्या सरकवताना फरक कळतो.

आणि पडदा चालू करताना डोळ्यांना दिसेल असा फडफडत असेल, तर आतला कपॅसिटर फुगलेला असू शकतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालची खोली किती तापते हे सांगायला नको. तो दुरुस्तीवाल्याकडूनच बदलून घ्या.

टायपिंग क्लास चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलं तुमच्याकडे तासन् तास पडद्याकडे बघतात आणि मॉनिटर बहुतेक वेळा जुने, वापरलेले असतात. घेताना अंधाऱ्या कोपऱ्यात लावून ब्राइटनेस वीसवर आणायला सांगा, पेन्सिल हलवा. पेन्सिली सुट्या दिसल्या तर तो मॉनिटर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.