काळुंदर आणि तिलापिया: फरक कसा ओळखायचा?



काळुंदर आमच्या खाजनातली, घरची मासळी. तिलापिया आली आफ्रिकेतून. दोन्ही एकाच कुळातल्या, म्हणून लहान असताना गल्लत होते.

तिलापियाचं मूळ घर झांबेझी नदीचा खालचा भाग आणि तिथून दक्षिणेकडच्या पूर्ववाहिनी नद्या. पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ साली मोझांबिकवरून तिचं नाव ठेवलं. तळ्यात वाढवायला म्हणून १९५२ साली ती भारतात आणली. १९५९ साली तिच्या प्रसारावर बंदी घातली, पण तोपर्यंत ती पसरली होती. उजनी धरणात तिला चिलापी म्हणतात.

ती एवढी का वाढते? नर तळाशी बशीसारखा खड्डा करतो. मादी तिथे अंडी घालून लगेच तोंडात घेते. पिल्लं फुटल्यावरही ती धोका दिसला की आईच्या तोंडात शिरतात. मादी आठ-नऊ सेंटिमीटरची झाली की अंडी घालू शकते, आणि वर्षातून अनेकदा घालते. गोडं, मचूळ, खारं, तिन्ही पाणी तिला चालतं. खाणं मुख्यतः शेवाळ आणि तळातला गाळ, पण दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लंही ती सोडत नाही.

काळुंदर अंडी दगडाला, लाकडाला चिकटवते. नर-मादी दोघं राखण करतात, तरी अंडी उघड्यावरच. तिलापियाची गर्दी झाली की जागा आणि खाणं दोन्ही कमी पडतं, आणि गर्दीत तिलापियाही खुरटी राहते. मग जाळं भरतं, पण भाव मिळत नाही.

ओळखायची सोपी खूण: पोटाखालच्या मागच्या पराचे काटे मोजा. तिलापियाला तीन, काळुंदरेला बारा-तेरा. काळुंदरेच्या अंगावर उभे पट्टे आणि मोत्यासारखे ठिपके असतात.

एक गोष्ट लक्षात घ्या. आफ्रिकेत हीच तिलापिया आज संकटात आहे. तिथे बाहेरून आणलेल्या नाईल तिलापियाशी संकर होऊन मूळ जात बिघडत चालली आहे. परका मासा सोडला की असं होतं.

म्हणून विनंती: मानशीच्या जाळ्यात तिलापिया आली, तर बारीक असली तरी परत पाण्यात सोडू नका. खा, विका, नाहीतर खत करा. आणि कोणी बाहेरचं बी आणून खाजनात सोडत असेल, तर त्याला थांबवा.

आपला,
सचिव