हौशी मत्स्यपालक आणि सागरातील आगंतुक

काचेच्या पेटीत शोभेचे मासे पाळण्याचा छंद सर्वसाधारणपणे निरुपद्रवी समजला जातो. परंतु पेटीतील परका मासा मोकळ्या पाण्यात सोडला गेला, तर त्याचे परिणाम दूरदूरच्या मच्छिमारांना भोगावे लागतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याला सिंहमाशाच्या बाबतीत आलेला अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

मूळ आणि प्रसार

सिंहमासा हा मूळचा हिंदी व प्रशांत महासागरांतील. अंगावरील तांबडे-पांढरे पट्टे, पंख्यासारखे पसरणारे पर आणि संथ, डौलदार हालचाल यांमुळे तो जगभरच्या मत्स्यालयांत लोकप्रिय ठरला. त्याच्या अंगावर १८ विषारी काटे असतात. अटलांटिक महासागरात हा मासा पूर्वी नव्हता. १९८५ साली तो फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रथम आढळला. पाळलेले मासे समुद्रात सोडले गेल्यामुळेच तो तेथे पोहोचला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. १९९२ सालच्या अँड्र्यू चक्रीवादळात फुटलेल्या एका मत्स्यालयाकडे दीर्घकाळ बोट दाखवले जात असे. परंतु त्यापूर्वी सात वर्षे हा मासा समुद्रात दिसला होता, हे विसरून चालणार नाही. २००४ पर्यंत तो बहामा बेटांपाशी पोहोचला आणि पुढील काही वर्षांत कॅरिबियन समुद्र व मेक्सिकोचे आखात त्याने व्यापले.

हानीचे स्वरूप

एक मादी वर्षाकाठी सुमारे २० लाख अंडी घालते आणि ती सागरी प्रवाहांबरोबर दूरवर वाहून जातात. स्थानिक लहान मासे या परक्या भक्षकाला ओळखत नाहीत, म्हणून ते त्याला सहज बळी पडतात. उलट, त्याला खाणारे मोठे मासे तेथे फारच थोडे आहेत. बहामातील लहान प्रवाळभित्तींवर केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. जेथे सिंहमासा होता, तेथे नव्याने येणाऱ्या स्थानिक माशांचे प्रमाण पाच आठवड्यांत ७९ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. खाद्योपयोगी माशांची पिले आणि प्रवाळावरील शेवाळ खाणारे मासे असे दोन्ही त्याच्या तोंडी पडतात. त्यामुळे मच्छिमारांची उपजीविका आणि प्रवाळाचे आरोग्य या दोहोंना धोका पोहोचतो.

नियंत्रणाचे उपाय

संपूर्ण अटलांटिकमधून या माशाचे उच्चाटन करणे आज अशक्यप्राय आहे. म्हणून निवडक ठिकाणी त्याची संख्या मर्यादेत ठेवणे, हे धोरण पत्करण्यात आले. पाणबुडे भाल्याने व हातजाळ्याने तो पकडतात आणि त्यासाठी स्पर्धाही भरवल्या जातात. विष काट्यांत असते, मांसात नसते. त्यामुळे काळजीपूर्वक स्वच्छ केलेला मासा खाण्यास योग्य ठरतो व त्याला बाजार मिळतो. बहामात ज्या भित्तींवर त्याची संख्या ठरावीक मर्यादेखाली ठेवली गेली, तेथे स्थानिक माशांचे वजनी प्रमाण ५० ते ७० टक्क्यांनी वाढले.

छंदावर झालेला परिणाम

व्यापाराची वाटही बंद करणे आवश्यक होते. १ ऑगस्ट २०१४ पासून फ्लोरिडात जिवंत सिंहमासे आयात करण्यास मनाई करण्यात आली. त्यांची पैदास करण्यासही बंदी आली. मात्र हा मासा पाळणे हाच गुन्हा ठरवण्यात आला नाही. राज्याच्याच समुद्रात पकडलेला मासा मत्स्यालयासाठी विकता येतो. हौशी मंडळींना परदेशी आयातीवर पाणी सोडावे लागले. तथापि त्यांची मागणी उपद्रवी मासे समुद्राबाहेर काढण्याच्या कामी येऊ लागली.

यातील धोरणाचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. सरसकट बंदी घातली, तर दंडाच्या भीतीने मासा गुपचूप पाण्यात सोडण्याचा मोह होतो आणि ज्या संकटासाठी बंदी घालायची तेच वाढते. म्हणूनच त्या राज्यात, नको असलेले परदेशी पाळीव प्राणी शिक्षेच्या भयाविना शासनाकडे सोपवण्याची सोयही करण्यात आली आहे.

आपल्यासाठी बोध

हिंदी महासागर हे सिंहमाशाचे माहेर असल्याने आपल्या किनाऱ्यावर तो आगंतुक ठरत नाही. परंतु हाच धडा आपल्या तलावांना व नद्यांना लागू पडतो. काच साफ ठेवतो म्हणून पेटीत आणला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा मोठा झाला की अनेकदा जवळच्या पाण्यात सोडला जातो. उजनी जलाशयातही तो आढळला आहे. त्याच्या कठीण, काटेरी कवचामुळे जाळी फाटतात आणि बाजारात त्याला किंमत नसते.

शाळेत मत्स्यपेटी असल्यास शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावे. नको झालेला मासा दुकानदाराला परत करावा किंवा दुसऱ्या हौशी व्यक्तीस द्यावा. तो ओढ्यात, विहिरीत वा तलावात सोडू नये. पेटीतील पाणी व वनस्पतीही तेथे टाकू नयेत. गावतलावात अनोळखी मासा मिळाल्यास ग्रामपंचायतीने तो परत न सोडता मत्स्यव्यवसाय विभागास कळवावे. सोडलेला मासा परत पकडण्यास पिढ्या लागतात. तो न सोडण्यास केवळ थोडी जाणीव पुरते.