बोली लावली, आता माघार घेता येईल?

भाची: मामा, बँकेने जप्त केलेल्या एका फ्लॅटचा ई-लिलाव आहे. बाजारभावापेक्षा स्वस्त वाटतोय. एक बोली लावून बघावी म्हणते. मिळाला तर मिळाला, नाही पटला तर सोडून देऊ.

मामा: सोडून देता येईल, पण अनामत रकमेवर पाणी सोडून. आधी नोटीस वाचलीस का?

भाची: वरवर. पण सगळं मोबाइलवरच होणार ना? सही नाही, स्टॅम्पपेपर नाही. त्याला करार म्हणायचं?

मामा: म्हणायचं. १८७२ चा आपला करार कायदा प्रत्येक कराराला सही मागत नाही. एकाने प्रस्ताव ठेवला, दुसऱ्याने स्वीकारला, मोबदला ठरला, दोघे सज्ञान आणि व्यवहार कायदेशीर असला, की झाला करार. तोंडीसुद्धा चालतो. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०अ आलं, ते ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार मोडीत काढता येत नाही, असं ते कलम सांगतं.

भाची: मग लिलावात प्रस्ताव कोणाचा? विकणाऱ्याने जाहिरात दिली, म्हणजे त्याचा?

मामा: बहुतेकांची गल्लत इथेच होते. जाहिरात म्हणजे ‘या, बोली लावा’ एवढं आमंत्रण. प्रस्ताव बोली लावणाऱ्याचा, आणि हातोडा पडला की तो स्वीकारला गेला. १९३० च्या मालविक्री कायद्यात, कलम ६४ मध्ये, हे स्वच्छ लिहिलंय. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. त्याच कलमात खरेदीदाराच्या बाजूची एक मोलाची गोष्ट आहे: विकणाऱ्याने खोट्या बोल्या लावून भाव फुगवला, तर खरेदीदाराला ती विक्री रद्द करता येते.

भाची: पण ऑनलाइन लिलावात हातोडा मारणार कोण?

मामा: हाच प्रश्न ऑस्ट्रेलियात कोर्टापुढे गेला. ईबे या संकेतस्थळावर एकाने वीरावे जातीचं जुनं लष्करी विमान विकायला काढलं, किमान बोली दीड लाख डॉलर. मुदत संपता संपता एकाने बरोबर तेवढीच बोली लावली आणि लिलाव संपला. तोवर मालकाचं दुसऱ्याच माणसाशी जास्त किमतीला ठरलं होतं, त्याने विमान द्यायला नकार दिला. ईबे काही खरा लिलाव करणारा नव्हे, तिथे हातोडा पडतच नाही, तेव्हा करार झालाच नाही, असा त्याचा युक्तिवाद.

भाची: त्यात तथ्य आहे की!

मामा: कोर्टाला पटलं नाही. २००७ साली न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोघांनीही संकेतस्थळाच्या अटी मान्य करूनच व्यवहारात भाग घेतला होता. मुदत संपताना सर्वांत वरची बोली ज्याची असेल त्याला वस्तू द्यायची, हे त्या अटींतच होतं. आणि नुसती भरपाई देऊन भागलं नाही, विमानच द्यायला लावलं. मला हा निकाल फार योग्य वाटतो. चांगला भाव आला तर सौदा आणि नाही आला तर नुसती जाहिरात, असं करू दिलं तर बोली लावणाऱ्याने कशावर विसंबायचं?

भाची: समजा, भाव अगदीच क्षुल्लक आला तर?

मामा: जर्मनीत एकाने जुनी फोक्सवागन पासाट एक युरोपासून लिलावाला लावली आणि मध्येच बाहेर विकून टाकली. तोवर एकाची बोली लागलेली होती आणि किंमत त्या एक युरोवरच होती. २०१४ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने गाडीची खरी किंमत वजा एक युरो, म्हणजे ५,२४९ युरो भरपाई मागणारा त्याचा दावा उचलून धरला. इतका कमी आरंभभाव ठेवण्याचा धोका विकणाऱ्याने स्वतःच पत्करला होता.

भाची: म्हणजे माझ्या फ्लॅटलाही घड्याळ थांबलं की सौदा पक्का?

मामा: थांब, तुझी गोष्ट वेगळी आहे. कलम ६४ जंगम मालाचं. फ्लॅट स्थावर, आणि बँक तो विकते थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली. तिथे २००२ च्या नियमांतला नियम ९ चालतो. घड्याळ थांबलं तरी विक्री बँकेने कायम करावी लागते. सरकारी लिलावांतही तसंच. सर्वांत वरची बोली लावली म्हणून मालमत्तेवर आपोआप हक्क येत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय.

भाची: मग बँक बांधील नाही आणि मी मात्र बांधील?

मामा: विक्री कायम होईपर्यंत जवळजवळ तसंच. त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, अनामत धरून किमतीच्या पंचवीस टक्के भरायचे. विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत बाकीचे. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, पण एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. चुकलीस तर भरलेले पैसे जप्त. बँकेचं खरंच तेवढं नुकसान झालं का, हे पाहिलं जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खरेदीदाराचे पंचवीस टक्के जप्त करणं योग्य ठरवलं. त्याला कर्ज वेळेत मिळालं नव्हतं.

भाची: बाप रे! आणि मी सगळे पैसे भरले, मग मूळ मालक कर्ज फेडायला आला तर?

मामा: यावर मुंबईतलंच प्रकरण आहे, बाफना मोटर्सचं. लिलावात १०५ कोटींच्या वर बोली लागली होती. मग कर्जदार १२९ कोटी घेऊन पुढे आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मालमत्ता सोडवून घेऊ दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली, की कर्जदाराचा सोडवून घेण्याचा हक्क संपतो. त्यामुळे विक्री कायम झाल्यावर नियमाने पैसे भरणाऱ्याला बराच आधार आहे.

भाची: मग या नोटिशीत आधी काय बघू?

मामा: ‘जशी आहे, जिथे आहे’ ही अट. तिच्यामुळे सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, कधी कधी मागच्या मालकाचं वीजबिलसुद्धा तुझ्या गळ्यात पडू शकतं. विजेच्या जुन्या थकबाकीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वीज कंपन्यांच्या बाजूने निकाल दिलाय. फ्लॅट आतून बघ, सोसायटीच्या सेक्रेटरीला भेट, फ्लॅटमध्ये कोणी राहतंय का ते विचार. ताबा प्रत्यक्ष आहे की फक्त कागदोपत्री, हे बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी घे. आणि गृहकर्जाची मंजुरी हातात आल्याशिवाय बोलीच्या बटणाला हात लावू नकोस.