एक महिना, आठ पुस्तकं आणि दोन बादल्या

डिसेंबरची परीक्षा संपली, सबमिशनचा गोंधळ मिटला आणि हॉस्टेलमध्ये एकदम वेळच वेळ झाला. त्यात आमच्या रूममध्ये पैज लागली. तीस दिवसांत जास्त पुस्तकं कोण वाचतो? अट एकच, एका प्रकारची दोन चालणार नाहीत. हरेल त्यानं पुढचा महिनाभर पहाटे पाचला गरम पाण्याच्या रांगेत दोघांच्या बादल्या लावायच्या. ज्यांनी जानेवारीत इथं आंघोळ केली आहे, त्यांना या शिक्षेचं वजन सांगायला नको.

मी लगेच हिशेब मांडला. तीन दिवसांना एक, म्हणजे महिन्याला दहा! त्यामुळे ग्रंथालयात लेखक, विषय न बघता आधी पुस्तकाची जाडी बघितली. विश्राम बेडेकरांची १९३९ सालची ‘रणांगण’ सगळ्यांत बारीक दिसली. म्हटलं, रात्रीत उडवू. लागले चार दिवस. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि आपला चक्रधर. तो मुंबईला उतरणार, ती पुढे जाणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. बेडेकर फार थोडं बोलतात, उरलेलं आपल्यालाच भरावं लागतं. त्यात वेळ जातो. जाडीवरून वेळ काढायचं माझं सूत्र पहिल्याच पुस्तकात बाद झालं.

दुसरी अडचण भाषेची. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते बंड बघायला नव्हे, दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायला. आणि सापडले झाशीच्या वेढ्यात! त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. जुन्या वळणाची लांब वाक्यं, पहिल्या वीस पानांत मी तीनदा झोपलो. मग मोठ्यानं वाचायला लागलो आणि गंमत म्हणजे वाक्यं आपोआप सुटी झाली. समोर बसून कुणी म्हातारा सांगतोय असं वाटायला लागलं. जुनं मराठी अडलं तर हा उपाय जरूर करून बघा. रूम पार्टनर शिव्या देतो, तेवढं सोसायचं.

तिसरं, गॉर्डन यांचं ‘स्ट्रक्चर्स’, १९७८ सालचं इंग्रजी पुस्तक. कादंबरीची ताशी चाळीस पानं होत होती, इथं आठ. पण तेवढ्यात जे मिळालं ते तीन वर्षांत मिळालं नव्हतं. पत्रा ओढला तर गोल भोकाच्या कडेला ताण साधारण तिप्पट होतो, हे आपण सगळेच पेपरात लिहितो. मी ते ‘के बरोबर तीन’ असं पाठ केलं होतं. भोक जितकं टोकदार तितका ताण जास्त. १९५४ साली समुद्रात कोसळलेल्या कॉमेट विमानांचा तपास शेवटी केबिनला पाडलेल्या भोकाच्या कोपऱ्यापाशी सुरू झालेल्या भेगेपर्यंत पोचला. हे कळल्यावर तो तीनचा आकडा परत कधी विसरणं शक्य नाही. (स्ट्रेंथच्या सरांनी हे वाचलं असेल तर माफी असावी. सांगितलं असणार, मी मागच्या बाकावर होतो.)

यानंतरची चार पटापट झाली. त्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही आणि त्यातच सगळं आलं.

आता ‘कोसला’. नेमाड्यांची १९६३ सालची कादंबरी. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग, हॉस्टेल, मेस. आपलंच सगळं. तिसावा दिवस जवळ आला होता, म्हणून मी मधली साठ-सत्तर पानं नुसती उलटली आणि शेवट वाचून वहीत आठवा आकडा घातला. पार्टनरचे तोवर पाच झाले होते, आणि पाचवं हेच पुस्तक तो सहा दिवस घेऊन बसला होता. मी चिडवलं, “अरे, अजून तिथंच?” तो म्हणाला, “मणीपाशी थांबलोय. तू कसा गेलास रे पुढं?”

मणी कोण, हे मला आठवेना. मी काहीतरी पुटपुटलो. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि पुस्तक मिटलं. मणी म्हणजे पांडुरंगाची धाकटी बहीण, देवी येऊन जाते ती. माझ्या उलटलेल्या पानांत होती. पार्टनरची धाकटी बहीण तीन वर्षांपूर्वी तापानं गेली, हे त्यानं त्या रात्री सांगितलं. दीड वर्ष एका खोलीत राहून मला माहीत नव्हतं.

मोजणीत मी आठ विरुद्ध पाच असा जिंकलो होतो. एक तारखेला पहाटे न बोलता दोन्ही बादल्या उचलल्या आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. ट्यूबलाइटखाली ‘कोसला’ पहिल्या पानापासून धरली. चौथ्या दिवशी मणीची पानं आली. मागचा “अरे सरक ना पुढं” म्हणून ओरडत होता, आमचा नंबर गेला, आणि त्या दिवशी दोघांनीही गार पाण्यानं आंघोळ केली.