तुकोबांचे अदृश्य होणे : नदी, वार्ता आणि कान्होबांचा विलाप

फाल्गुन वद्य द्वितीयेपर्यंत तुकोबा देहूत होते आणि त्यानंतर ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. तुकारामचरित्राच्या अखेरच्या प्रकरणाबद्दल कोणत्याही पक्षाचा अभ्यासक विनातक्रार मान्य करील असे विधान एवढेच आहे. शकाविषयी मतभेद असले, तरी शके १५७१ हा बहुमान्य आहे. फाल्गुन हा शकाचा अखेरचा महिना असल्याने ही तिथी इसवी सन १६५० च्या मार्चमध्ये येते. क्रमिक पुस्तकांतून आढळणारे १६४९ हे साल शकात ७८ मिळविण्याच्या सरधोपट हिशेबातून आलेले दिसते. त्यापुढे काय घडले, याविषयी साडेतीन शतकांहून अधिक काळ तीन उत्तरे दिली जात आहेत : सदेह वैकुंठगमन, इंद्रायणीत जलसमाधी आणि खून. या उत्तरांपैकी खरे कोणते, हा इतिहासाचा प्रश्न आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकापुढचा प्रश्न थोडा निराळा आहे. नाहीसा झालेला माणूस भाषेत कसा नोंदला गेला आणि त्याच्याविषयीच्या तर्कांना आकार कोठून मिळाला, हे त्याला पाहावयाचे आहे.

प्रथम क्रियापदांकडे पाहावे. देहूच्या परंपरेतील जुन्या नोंदीत तुकोबांनी ‘तीर्थास प्रयाण केले’ अशा आशयाचे शब्द आढळतात. पुढे त्यांचे पुत्र नारायणबोवा यांच्या संबंधातील सनदेत, कथा करीत असता ते ‘अदृश्य झाले’ अशा अर्थाची भाषा येते. ‘मृत्यू पावले’ असे कोणी लिहीत नाही, आणि ‘वैकुंठास गेले’ असेही या व्यावहारिक भाषेत नाही. ‘तीर्थ’ हा शब्द तर विशेष विचार करण्याजोगा आहे. तीर्थ म्हणजे पवित्र क्षेत्र, त्याचप्रमाणे पवित्र जलही. यात्रेला निघालेला आणि पाण्यात उतरलेला, अशा दोन्ही माणसांना ते वाक्य लागू पडते. नोंद करणाऱ्याच्या मनात द्व्यर्थ होता असे समजण्याचे कारण नाही. परंतु ज्याला निश्चित काही ठाऊक नाही, अशा माणसाने योजावा असाच हा शब्द आहे. ‘अदृश्य’ हा शब्दही पाहणाऱ्याची बाजू सांगतो. जो गेला त्याचे काय झाले ते सांगत नाही. तो आपल्याला दिसेनासा झाला, एवढेच सांगतो.

या अनिश्चित क्रियापदांच्या जागी निश्चित दृश्य आणून ठेवण्याचे कार्य महिपतींनी केले. ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) हे त्यांचे ग्रंथ घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी सिद्ध झाले. विमान, निरोप, गरोदर असल्याने मागे राहणारी जिजाई, इंद्रायणीच्या काठी वाट पाहत बसलेले टाळकरी आणि अखेर पंचमीला आकाशातून खाली आलेले तुकोबांचे टाळ व गोधडी, ही चित्रमालिका परंपरेने जपली आणि कीर्तनकारांनी घराघरांत पोहोचविली. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाने विमान पडद्यावर आणले आणि विष्णुपंत पागनीसांच्या रूपातील तुकोबा अनेक पिढ्यांच्या डोळ्यांपुढे कायमचे उभे राहिले. या मालिकेतील टाळ आणि गोधडी यांच्याकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. माणूस नाहीसा झाला की लोक त्याच्या वस्तू शोधतात. काठावर धोतर सापडले, काठी सापडली, वहाणा सापडल्या, की तर्काला टेकू मिळतो. देहूकरांनाही असा पुरावा हवा होता. द्वितीया ते पंचमी हे अंतर वाट पाहण्याचे आहे, आणि वस्तू हाती आल्यावरच ती वाट पाहणे संपते. वस्तू नदीकाठी सापडत नाहीत, वरून येतात, एवढाच फरक कथेने केला आहे. परंतु तेवढ्या फरकाने गेलेल्या माणसाची दिशा ठरून गेली.

नदीची दिशा कथेने का नाकारली असावी? तुकोबांच्या चरित्रात इंद्रायणी तीनदा येते. पहिल्या प्रसंगी कर्जखतांचा निम्मा वाटा धाकटे बंधू कान्होबा यांच्या हवाली करून उरलेला निम्मा तुकोबांनी नदीत सोडला, असे परंपरा सांगते. ती खते नदीने ठेवून घेतली. दुसऱ्या प्रसंगी अभंगांच्या वह्या बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या परत आल्या. या तेरा दिवसांचा उल्लेख तुकोबांच्या स्वतःच्या अभंगांत येतो आणि समकालीन बहिणाबाईंच्या रचनेतही येतो, त्यामुळे केवळ उत्तरकालीन आख्यायिका म्हणून तो बाजूला सारता येत नाही. तिसरा प्रसंग खुद्द तुकोबांचा. ज्या नदीने कागद कोरडे परत दिले ती कवीला गिळते, असे सांगणे श्रद्धेला अशक्य होते. तसे झाले असते तर दुसऱ्या प्रसंगाचा निवाडाच फिरला असता. उलट, आधुनिक काळात जलसमाधीचा तर्क मांडणाऱ्यांनाही ही नदी याच कथांतून मिळालेली आहे. चमत्कार वजा केला की वह्या बुडविल्याची जागा तेवढी शिल्लक राहते, आणि नाहीशा झालेल्या माणसाला शोधणारी दृष्टी आपसूक तिकडे वळते. एरवी फाल्गुनात इंद्रायणीला पूर नसतो. बुडण्याचा तर्क करणाऱ्याला एखादा डोह गृहीत धरावा लागतो, आणि हा डोह चरित्रकथेने अगोदरच खणून ठेवला आहे.

खुनाच्या तर्काचीही रचना अशीच आहे. मंबाजीने केलेला छळ आणि रामेश्वरभट्टांचा प्रारंभीचा विरोध चरित्रात होताच. त्या धाग्याचे दुसरे टोक शेवटच्या प्रकरणाला बांधले गेले. आ. ह. साळुंखे यांच्या ‘विद्रोही तुकाराम’ (१९९७) या ग्रंथानंतर या मताची चर्चा अधिक व्यापक झाली. त्यामागील सामाजिक प्रश्न खोटा नाही. धर्मसत्तेला आव्हान देणारा शूद्र कवी एकाएकी दिसेनासा होतो, तेव्हा संशय येणे हे विचारी समाजाचे लक्षण मानावे लागेल. परंतु संशय आणि सिद्धता यांमधील अंतर भक्तीने जसे विमानाने ओलांडले, तसे ते टीकेने आवेशाने ओलांडू नये. दिलीप चित्रे यांनी निरोपाच्या अभंगांचा आधार घेऊन, तुकोबा आप्तेष्टांचा व सहभक्तांचा रीतसर निरोप घेऊन न परतण्याच्या निश्चयाने अज्ञात स्थळी निघून गेले असावेत, असा कल सूचित केला आहे. तो अधिक संयत आहे. अर्थात निरोपाचे कोणते अभंग मूळचे आणि कोणते पुढे मिसळले, हा संहितेचा प्रश्न तेथेही उरतोच.

या सर्व चर्चेत एक साक्षीदार बहुधा शेवटच्या बाकावर बसविला जातो. तो म्हणजे ‘तुकयाबंधु’ अशी नाममुद्रा असलेले कान्होबा. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम पंडित यांनी संपादिलेली गाथा १८७३ मध्ये पूर्ण झाली, तेव्हापासून कान्होबांचे विलापाचे अभंग मुद्रित रूपात उपलब्ध आहेत. महिपतींच्या दृश्यात सोहळा आहे. कान्होबांच्या अभंगांत घर आहे. तेथे मुले आक्रोश करीत आहेत. त्यांच्या शोकाने धरणी दुभंगेल की काय, अशी भावाला भीती वाटते. त्याचे स्वतःचे हृदय दुःखाने दुभागले आहे, कंठ दाटला आहे. त्याची तक्रार सरळ गेलेल्या भावाशी आहे : जाताना आपल्या माणसांनाही बरोबर नेण्याचे सामर्थ्य तुझ्यापाशी नव्हते काय? आम्हांला रानात टाकून दिलेस ते का?

कान्होबाही भावाला देवाने नेले असेच मानतात, हे येथे नोंदविलेच पाहिजे. त्यांना जलसमाधीचे अथवा खुनाचे साक्षीदार ठरविणे हा त्यांच्या शब्दांवर अन्याय होईल. पण त्यांच्या मानण्यात समाधानाचा लवलेश नाही. भाऊ वैकुंठी गेला म्हणून घराणे धन्य झाले, असा सूर येथे लागत नाही. भोग, मोक्ष आणि ब्रह्मज्ञान जळून जावो, सिद्धी गुंडाळून ठेव, माझा भाऊ तेवढा आणून दे, असे हा कवी बजावतो; नाहीतर हत्येचे पाप तुझ्या माथी येईल, अशी धमकीही देतो. वारकरी कवितेत देवाशी भांडण नवे नाही; नामदेवांपासून ती रीतच आहे. तेथे भांडणारा भक्त देवाच्या भेटीसाठी भांडतो. कान्होबा मात्र देव देऊ करील ते सर्व नाकारून त्याच्याकडून एक माणूस परत मागतात. मृताच्या शोककाव्यात अशी मागणी रूपकात्मक राहते, कारण परत येणे संभवत नाही, हे मागणाऱ्यालाही ठाऊक असते. ज्याचा देह पाहिलेला नाही, ज्याला खांदा दिलेला नाही, त्याच्याविषयी मात्र ही मागणी अक्षरशः करता येते. या अभंगांची धार तेथून येते.

विलापाच्या मध्येच कान्होबा स्वतःकडे वळतात. ज्याच्याशी भाऊ म्हणून, सखा म्हणून सलगी केली, त्याचा महिमा आपल्याला कळलाच नाही, अशी खंत ते व्यक्त करतात. या ओळी वाचताना खतांच्या वाटणीचा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. निम्मी खते पाण्यात जाताना पाहणारा आणि आपला निम्मा वाटा घेऊन संसारात राहिलेला हाच तो धाकटा भाऊ.

याच इंद्रायणीच्या काठी, देहूच्या खालच्या अंगाला, आळंदीत ज्ञानेश्वरांची समाधी आहे. समाधिसोहळ्याचे वर्णन करणारे नामदेवांचे अभंग वाचताना शोकाला एक जागा मिळते : शिळा, विवर, मागे फिरणारी भावंडे. देहूत वैकुंठगमनाचे स्थान आहे, नांदुरकीचा वृक्ष आहे, बीजेच्या दुपारी तो हलतो अशी श्रद्धा आहे, समाधी नाही. कान्होबांच्या अभंगांत म्हणूनच कोठेही स्थळ येत नाही. नदी येत नाही, डोह येत नाही, विमान उतरल्याची जागा येत नाही. येतो तो केवळ विठ्ठल, ज्याला सर्व ठाऊक असले पाहिजे आणि जो काही सांगत नाही.