संगणक, कला आणि स्त्रिया : काही सामूहिक प्रयोग

स्त्रीवादी कलेचा विषय निघाला म्हणजे आपल्यासमोर चित्र, शिल्प, फार तर रंगभूमी येते. संगणक हे कलेचे साधन होऊ शकते, हेच आपल्यापैकी अनेकांना अद्याप पटलेले नाही. मग संगणकीय संस्कृतीची चिकित्सा काही स्त्रियांनी एकत्र येऊन कलेच्याच द्वारे केली, हे ठाऊक नसल्यास नवल नाही. या चिकित्सेला 'सायबर-स्त्रीवाद' असे नाव आहे.

त्याचा एक आरंभ ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरात झाला. १९९१ साली जोसेफीन स्टार्स, ज्युलियान पीअर्स, फ्रान्सेस्का दा रिमिनी आणि व्हर्जिनिया बॅरट या चौघींनी 'व्हीएनएस मेट्रिक्स' हा समूह स्थापन केला आणि एकविसाव्या शतकासाठी एक जाहीरनामा लिहिला. यंत्र म्हणजे पुरुषांचे क्षेत्र, हा समज त्यांनी स्त्रीदेहाच्या बेधडक भाषेत उधळून लावला. पुढे त्यांनी 'ऑल न्यू जेन' हा संगणकीय खेळ रचला. त्यात 'बिग डॅडी मेनफ्रेम' नावाच्या सत्ताधीश यंत्राचा नाश करावयाचा असतो. खेळाची चौकट तीच जुनी, फक्त शत्रू बदललेला! पण ही थट्टा वरवरची नव्हे.

यांपैकी पीअर्स पुढे १९९७ मध्ये बर्लिन येथे स्थापन झालेल्या 'ओल्ड बॉइज नेटवर्क' या समूहातही होत्या. एकमेकांची सोय पाहणाऱ्या जुन्या पुरुष-मित्रांच्या टोळक्याला इंग्रजीत जे नाव आहे, तेच या स्त्रियांनी खुशाल उचलले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कासेल येथील 'डॉक्युमेंटा' या कलाप्रदर्शनात त्यांनी पहिली आंतरराष्ट्रीय सायबर-स्त्रीवादी परिषद भरविली. तेथे सायबर-स्त्रीवादाची व्याख्या करण्याऐवजी तो काय 'नाही', याची शंभर कलमांची यादी तयार झाली.

या समूहाच्या एक संस्थापिका कॉर्नेलिया सोलफ्रांक यांचा १९९७ मधलाच एक प्रयोग मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयाने इंटरनेटवरील कलेची स्पर्धा जाहीर केली होती. सोलफ्रांकबाईंनी जवळजवळ तीनशे काल्पनिक स्त्री-कलावंत निर्माण केल्या. प्रत्येकीला नाव, पत्ता, ई-मेल दिले आणि इंटरनेटवरील साहित्याची यांत्रिक सरमिसळ करणाऱ्या एका संगणकीय प्रणालीकडून 'कलाकृती' तयार करवून घेऊन त्या स्पर्धेला धाडल्या. या स्त्रिया अस्तित्वातच नाहीत, हे आयोजकांच्या लक्षात आले नाही. उलट दोन-तृतीयांश प्रवेशिका स्त्रियांच्या आहेत, असे संग्रहालयाने जाहीर केले. निकाल लागला तेव्हा तिन्ही पारितोषिके पुरुषांना मिळाली होती! त्यानंतर बाईंनी सारा प्रकार उघड केला.

यावर कोणी म्हणेल, यंत्राने जुळविलेल्या पानांना पारितोषिक का द्यावे? आक्षेप रास्त आहे. एवढ्यावरून परीक्षकांचा पक्षपात सिद्ध होतो, असे मलाही वाटत नाही. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते निकालाआधीचे जाहीर निवेदन. स्त्रियांची संख्या मोठी आहे, एवढे सांगता आले. त्या स्त्रिया कोण, त्यांनी काय केले, हे पाहण्याची गरज कोणास वाटली नाही. एखाद्या संशोधकाने हेच आकड्यांनी मांडले असते, तर ते अहवालात पडून राहिले असते.

कासेलच्या परिषदेला फेथ वाइल्डिंग या अमेरिकेतील कलावतीही होत्या. १९७२ साली लॉस एंजेलिस येथे एका जुन्या घरात भरलेल्या 'वुमनहाउस' या प्रसिद्ध सामूहिक प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता. व्याख्या नाकारण्याची युक्ती आकर्षक असली, तरी त्यामुळे आधीच्या स्त्रीवादाशी असलेले नाते तुटते, असे त्यांनी १९९८ च्या लेखात बजावले. मला त्यांचे म्हणणे पटते. शंभर नकार वाचताना मौज वाटते. त्यांतून उद्या काय करावयाचे ते कळत नाही.

त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने पिट्सबर्ग येथे 'सब-रोझा' हा समूह उभा राहिला आणि नव्या जैवतंत्रज्ञानाचा स्त्रियांच्या देहावर व श्रमावर होणारा परिणाम हा त्याने अभ्यासविषय केला. या नावात चित्रकार रोझा बोनर, क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्ग, वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या रोझा पार्क्स, शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन आणि युद्धकाळातील कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांचे प्रतीक बनलेली 'रोझी' अशा पाचजणींचे स्मरण आहे.

आमच्या वर्गातील दोन मैत्रिणींनी वर्षभर खपून एक प्रकल्प पूर्ण केला, तेव्हा तोंडी परीक्षेत त्यांना पहिला प्रश्न आला : "यातले नेमके कोणाचे किती?" दोघींना उत्तर देता येईना, आणि गुण कापले गेले. 'सब-रोझा'विषयी वाचताना तो प्रसंग वारंवार आठवला. संगणकीय संस्कृतीची चर्चा करताना वर्ण आणि श्रम यांचा विसर पडतो, हे दाखविणारा 'डोमेन एरर्स!' हा ग्रंथ २००३ साली निघाला. मारिया फर्नांडेस, फेथ वाइल्डिंग आणि मिशेल राइट या त्याच्या तीन संपादिका. परंतु तो ओळखला जातो 'सब-रोझा'चा प्रकल्प म्हणून.